पट्ट्यावरची पिशवी

ललिताला मेट्रोच्या स्टेशनात नोकरी लागली, तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद झाला तो बसायला खुर्ची मिळाल्याचा. आधी ती कळंबोलीला एका मोठ्या दुकानाच्या दारावर दिवसभर उभी असायची. संध्याकाळी रोडपालीला घरी पोचेपर्यंत पोटऱ्यांचा दगड झालेला असायचा. इथं तिला काम शिकवलं, गणवेश दिला आणि सामान तपासायच्या यंत्रासमोर बसवलं. लोक काळ्या पट्ट्यावर बॅगा ठेवायचे, पट्टा त्यांना रबरी झालरींतून आत न्यायचा, आणि आत काय काय आहे ते ललिताच्या पुढ्यातल्या स्क्रीनवर रंगांत उमटायचं. कापड, कागद, खाण्याचे पदार्थ नारिंगी. लोखंड, पितळ, चांदी निळी.

पहिले काही दिवस लोकांच्या पिशव्यांत असं डोकावताना तिला संकोच वाटला. मग सवय झाली. डब्यात पोळी आहे की भाकरी, हेसुद्धा कळायला लागलं. जेवताना ती नवऱ्याला गमती सांगायची. आज एका आजोबांच्या पिशवीत दोघांच्या कवळ्या होत्या. आज एका पोरीनं सॅकमधून कासव आणलं होतं. सुभाष लोखंडबाजारात टेम्पो चालवायचा. तो म्हणायचा, "तुजं बरं हाय. आमाला निस्तं गंजकं लोखंड दिसतं."

पनवेलच्या अंगाला नवी वसाहत झाली, तिच्या ऐन मध्यावर हे स्टेशन होतं. रस्त्याच्या वर, खांबांवर. खाली रिक्षा आणि वडापावच्या गाड्या, जिना चढून आलं की तिकिटं आणि तपासणी, आणि त्याच्याही वर फलाट. फलाटावर उभं राहिलं की एका बाजूला टॉवरांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे दिसायचे आणि दुसऱ्या बाजूला थेट प्रबळगडापर्यंतचे डोंगर. सकाळ-संध्याकाळ तिथं पाय ठेवायला जागा नसायची. दुपारी मात्र सगळं ओस. इतकं, की छताच्या पत्र्यावर कबुतर चाललं तरी खाली ऐकू यायचं. वर जाणारा सरकता जिनाही माणूस नसला की पेंगल्यासारखा हळूहळू सरकत राहायचा. कुणी पाय ठेवला, तरच वेग घ्यायचा.

वैशाखातली तशीच एक दुपार होती. नुकतीच एक बाई आपली बॅग उचलून वर गेली होती, आणि पट्टा बंद करायला ललितानं बटणाकडे हात नेला होता. तेवढ्यात स्क्रीनवर पिशवी आली.

बंदांची साधी पिशवी. तळाशी फडक्यात बांधलेल्या, एकावर एक ठेवलेल्या नारिंगी चकत्या, म्हणजे भाकऱ्या. त्यांच्या शेजारी एक पत्र्याची डबी, आणि डबीत दोन लहानशी निळी कडी. एक पूर्ण होतं. दुसऱ्याला चीर पडलेली. आणि या सगळ्यावर, चंद्रकोरीसारखा वाकलेला, चांगला लखलखीत निळा विळा.

विळा म्हटल्यावर ललितानं शिकवल्याप्रमाणे पट्टा थांबवला.

"शैलेश, बॅग धर. आत विळा आहे."

शैलेश पलीकडे चौकटीपाशी उभा राहून माणसं तपासायचा. तो दोन ढांगांत आला.

"कुठली बॅग?"

"आत आहे. बाहेर येऊ दे."

त्यानं झालर उचलून पाहिलं. मग मोबाइलचा उजेड टाकून पाहिलं. या टोकाकडून आणि त्या टोकाकडून. आत काही नव्हतं. नुसता काळा पट्टा. तो ललिताच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर चित्र तसंच होतं, भाकऱ्या, डबी, विळा.

"कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

कुणीच आलं नव्हतं. दोघांनी मागे वळून पाहिलं. तिकिटाच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत फरशी रिकामी होती. फक्त सरकत्या जिन्याचा आवाज बदलला. पेंगणाऱ्या पायऱ्यांनी एकदम वेग घेतला, कुणाला तरी वर नेऊन पोचवल्यासारखा जिना पुरता चालला, आणि मग पुन्हा संथ झाला.

कृष्णकांत साहेब त्यांचे वरचे अधिकारी. फौजेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे. ते आले, चित्र पाहिलं आणि हसले.

"अगं, परीक्षा असते ती. गार्ड जागा आहे का झोपलाय, ते बघायला यंत्रच मधूनच खोटं चित्र टाकतं. तू पास झालीस."

शैलेशचं समाधान झालं. ललितानंही मान डोलावली. पण संध्याकाळी घरी जाताना तिच्या मनात एक गोष्ट राहून राहून येत होती. परीक्षेसाठी चित्र करणाऱ्यानं विळा घातला असता, सुरी घातली असती, पिस्तूल घातलं असतं. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या कशाला घातल्या असत्या?

आणि दुसरी गोष्ट तिनं कुणाला सांगितलीच नव्हती. ती पिशवी स्क्रीनवर होती तोवर त्या गार, पुसलेल्या, फिनेलच्या वासाच्या हवेत ओल्या सिमेंटचा वास येत होता. घराची भिंत घालताना येतो, तसा.

पिशवी त्यानंतरही येत राहिली. रोज नाही. दुपार कलंडायच्या आधी, माणसांची वर्दळ पार थांबली आणि पट्टा चुकून चालू राहिला की कधीतरी. ललितानं कुणाला हाक मारणं सोडून दिलं. ती नुसती बघत राहायची. भाकऱ्या, डबी, दोन कडी, विळा. पिशवी स्क्रीनच्या एका कडेनं यायची, दुसऱ्या कडेला जायची आणि बाहेर मात्र काही पडायचं नाही. मग जिना वेग घ्यायचा.

भीती वाटायची का? सुरुवातीला नाही. रस्त्यात रोज भेटणाऱ्या अनोळखी माणसाची सवय होते, तशी तिला त्या पिशवीची झाली होती. पण एका दुपारी पिशवीच्या वर, बंदापाशी आणखी काहीतरी दिसलं. ललिता पुढे वाकली. घाईतली माणसं कधी कधी बॅग आत सरकवताना हात काढायला विसरतात, तेव्हा हाताची हाडं स्क्रीनवर उमटतात. ती तिनं पाहिलेली होती. तशीच ही पाच बोटं होती. बारीक, बाईमाणसाची. बंद घट्ट धरलेली. मनगटाशी बांगड्यांची नक्षी, आणि मनगटाच्या वर काही नाही.

त्या दिवशी ती जेवली नाही. सुभाषनं विचारल्यावर सगळं सांगून टाकलं. त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "दुपारची येळ वंगाळच. कोनी नाव घेऊन हाक मारली तरी ओ देऊ नको, ओ दिली की मानूस त्येच्या मागं जातं. तू पट्टा बंद ठेवत जा. आन् कोनाला सांगू नको. येडी ठरवतील, नोकरी जाईल."

तिनं तसं केलं. कुणी नसलं की पट्टा लगेच बंद. काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी कृष्णकांत साहेबांनी तिला बोलावलं. खाली जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारी करवंदं घेऊन बसते, लोकांना अडचण होते, बाईमाणूस आहे तर तूच जाऊन उठव, म्हणाले. ललिता खाली गेली. म्हातारी डोंगरावरच्या वाडीतली दिसत होती. काळी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. पुढ्यात टोपली होती, पण तिचं लक्ष गिऱ्हाइकाकडे नव्हतं. मान वर करून ती जिन्याकडे बघत होती.

"आजी, इथं बसायचं नाही. साहेब ओरडतात."

"बसंन नाय गो बाय जास्ती," म्हातारी म्हणाली. "माजी पोर वर हाय. ती आली की जाईन."

"वर? कामाला आहे का?"

"कामालाच गेली व्हती."

"कधी?"

"ह्ये वरचं बांदत व्हते, तवा."

रस्त्यावर ऊन रणरणत होतं, रिक्षावाले हिंदीत भांडत होते, आणि ललिताच्या पाठीवरून कुणीतरी गार हात फिरवल्यासारखं झालं. ती तिथंच, म्हातारीच्या शेजारी पायरीवर टेकली. तिची शहरी बोली आपोआप गळून पडली.

"मावशे, नाव काय तुमचं?"

म्हातारीचं नाव गुणाबाई. पळस्प्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत वाडी. लेक भागी, जावई चांगो. जमीन कुणालाच नाही; मिळेल तिथं मजुरी. स्टेशनाचं काम चाललं होतं, तेव्हा मुकादमाची गाडी वाडीतून माणसं भरून आणायची. भागी घमेली वाहायची. एके दिवशी संध्याकाळी गाडी परत आली आणि भागी तिच्यात नव्हती. बरोबरच्या बायका म्हणाल्या, दुपारपर्यंत होती, वर माल घेऊन गेली, मग दिसली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बायका गप्प झाल्या. मुकादम म्हणाला, ती त्या दिवशी कामावर आलीच नव्हती.

"पोलिसांत गेलात नाय?"

"ग्येलो. त्ये बोल्ले, तरनीताठी हाय, ग्येली आसंल कोनासंगं." गुणाबाई हे अगदी शांतपणे सांगत होती, इतक्या वेळा सांगून झालेलं असावं. "वाडी बी त्येच बोलाया लागली. चांगोला बी त्ये पटलं. त्यानं दुसरी क्येली, ईटभट्टीवर ग्येला. पोर माज्यापाशी. समुर्दी नाव. साळंत जाते आता. पोरं तिला बोलतात, तुजी आय पळाली." ती थांबली. "पोरगी मला इचारते, आजे, पळाली का गो? काय सांगू?"

ललिताला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून शब्द गेलेच.

"मावशे... त्या दिवशी भागीच्या पिशवीत काय व्हतं?"

गुणाबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"भाकऱ्या. मीच थापून दिल्त्या. आन् ईळा, येताना जळनाची फाटी आनायची तर लागतो. आन् पोरीचं वाळं. चांदीचं व्हतं, एक मोडला व्हता. काम सुटल्यावं पनवेलच्या सोनाराकडं टाकनार व्हती." ती थोडी पुढे झुकली. "का गो बाय?"

"काय नाय," ललिता म्हणाली आणि उठली. 

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. म्हातारीला सांगावं तरी काय? तुमच्या मुलीची पिशवी येते, पण ती येत नाही? सांगून हाती काय पडणार? उद्या साहेबांच्या कानावर गेलं, तर नोकरीवरच गदा यायची. सुभाष तिची तळमळ बघत पडला होता. पहाटे तो म्हणाला, "त्या पोरीला लोक कायबाय बोलतात, बरोबर? मंग सांग म्हातारीला. नोकरी काय, दुसरी बघू."

दुसऱ्या दिवशी गुणाबाई त्याच जागी होती. ललितानं तिच्यापुढं उकिडवं बसून सगळं सांगितलं. पिशवी, डबी, मोडका वाळा, बंदावरची बोटं. म्हातारी रडली नाही. ओरडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं, "मंजे ती आली व्हती ना त्या दिशी कामाला?"

"आली व्हती."

"मंजे पळाली नाय."

"नाय, मावशे. हितंच हाय."

गुणाबाईनं टोपली बाजूला सरकवली आणि उरलेली करवंदं आपल्या कापडी पिशवीत ओतली. "चल," म्हणाली. "मला वर ने."

इतकी वर्षं ती करवंदांच्या दिवसांत पायथ्याशी येऊन बसत होती, पण एक पायरी चढली नव्हती. तिनं ललिताचा हात धरला. वर आल्यावर त्या गार हवेत ती बावरून उभी राहिली. गुळगुळीत फरशी, काचा, दिवे. "ह्ये समदं तिनं बांदलं," ती पुटपुटली. शैलेश जेवायला गेला होता. तिकिटाच्या खिडकीतला माणूस कानात वायर घालून मोबाइल बघत होता. बाकी कुणी नव्हतं.

"मावशे, पिशवी ह्याच्यावर ठेवा. आन् त्या टोकाला जाऊन उभ्या ऱ्हावा."

गुणाबाईनं पिशवी पट्ट्यावर ठेवली. ललितानं खुर्चीत बसून बटण दाबलं. पट्टा घरघरला.

आधी करवंदं आली. नारिंगी मण्यांचा ढीग. कापडाच्या सुरकुत्या. आणि त्यांच्या मागोमाग, जराही अंतर न सोडता, दुसरी पिशवी आली. भाकऱ्या. डबी. विळा. बंदावर बोटं. ओल्या सिमेंटचा वास इतका दाटला की ललिताला खोकला आला. ती बघत असताना मागची पिशवी पुढच्या पिशवीच्या अगदी लगत आली, कडेला कड भिडली, मणी आणि चकत्या एकमेकांत मिसळल्या, आणि ती बोटं... ती बोटं एकेक करून उलगडली. बंद सुटला.

पलीकडे झालर हलली आणि गुणाबाईची कापडी पिशवी बाहेर आली. एकच.

म्हातारीनं ती उचलायला हात घातला, आणि तिचा खांदा खाली ओढला गेला. तिनं दुसरा हात लावला.

"जड झाली गो," ती म्हणाली.

ललिता उठून जवळ जाऊ लागली, तसा गुणाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. पिशवी उघडून पाहिली नाही. पोटाशी धरली. मग रिकाम्या हवेकडे बघत, झोपेतल्या लेकराला उठवावं तशा आवाजात ती म्हणाली, "भागे, चल. घरी चल आता. उशीर झाला. पोर वाट बगते."

ती जिना उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर थांबत होती, मागच्याला येऊ देत होती. त्या दुपारी वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यानं वेग घेतला नाही.

यानंतर गुणाबाई स्टेशनाखाली दिसली नाही. पावसाच्या तोंडाशी, सुट्टीच्या दिवशी, ललिता सुभाषला घेऊन तिच्या वाडीवर गेली. कुडाची घरं होती, पुढं सारवलेली अंगणं. गुणाबाईनं त्यांना बसायला घोंगडी टाकली, कोरा चहा केला. तिनं लेकीचे दिवस घातले होते. सगळी वाडी जेवायला आली होती. चांगोसुद्धा आला होता, कोपऱ्यात बसून राहिला, गुणाबाई म्हणाली; विळ्याची मूठ त्यानंच कधीकाळी कोरली होती, ती हातात घेऊन ढसाढसा रडला. आता पोरीला कुणी काही बोलत नाही.

समृद्धी दारात उभी राहून पाहुण्यांकडे बघत होती. सात-आठ वर्षांची, आजीसारखीच काटक. वाळे आता तिच्या पायात बसणार नव्हते. आजीनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले होते. एक पूर्ण, एक चिरलेला.

"सोनाराकडं नाय दिलं?" ललितानं विचारलं.

"नको," गुणाबाई म्हणाली. "तिनं जसं ठ्येवलं, तसंच ऱ्हाऊ दे."

निघताना ती वाटेपर्यंत सोडायला आली. सुभाष पुढं गेल्यावर तिनं ललिताचा दंड धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "एक सांगायचं ऱ्हायलं, बाय. कोनाला बोल्ले नाय मी. त्या भाकऱ्या... घरी येऊन सोडल्या, तर ऊन व्हत्या. तव्यावून काढून दिल्त्या ना मी, तशाच. वाफ येत व्हती."

 ललिता म्हणाली, "मंग काय केलंत?"

"खाल्ल्या," गुणाबाई म्हणाली. "पोरीला बी दिल्या. तिच्या आयच्या वाटनीच्या व्हत्या."

भागीचं काय झालं, ते कधीच कळलं नाही. ललितानं एकदा धीर करून कृष्णकांत साहेबांना विचारलं, की हे स्टेशन बांधताना कुणी माणूस गेलं होतं का. साहेब म्हणाले, "मला ठाऊक नाही. मी नंतर आलो." खरंच बोलत असावेत.

पावसाळा गेला. नवरात्र झालं, दिवाळी झाली. शैलेशची बदली झाली. दुपारी पट्टा चालू राहिला तरी स्क्रीन कोरी असायची, आणि ललिता सुभाषला पुन्हा कवळ्यांच्या आणि कासवांच्या गोष्टी सांगायला लागली.

माघात एका दुपारी स्क्रीनवर पिशवी आली.

बाहेर कुणी नव्हतं. पट्ट्यावर काही नव्हतं. ही पिशवी वेगळी होती. पाठीवर लावायची सॅक. आत लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली. आणि लॅपटॉपच्या शेजारी, सॅकमध्ये जेमतेम मावलेलं, एक पुरणयंत्र. गोल भांडं, तळाची जाळी, वर फिरवायचा दांडा. ललिताच्या आईकडे होतं, ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. सॅकचं हँडल बोटांनी धरलं होतं. अनामिकेवर एक बारीक निळं वर्तुळ होतं. अंगठी.

ललितानं पट्टा थांबवून तो हात बराच वेळ पाहिला. भागीला जाऊन किती वर्षं झाली होती. मग ही कोण? कधीची? की अजून...

ते तिनं मनातही पुरं केलं नाही.

त्या दिवसापासून ती लोकांच्या पिशव्यांपेक्षा हात जास्त बघायला लागली. बायकांचे, मुलींचे हात. अंगठ्या कितीजणींच्या बोटांत असतात! आणि लॅपटॉप तर प्रत्येकीकडेच. पण पुरणयंत्र घेऊन मेट्रोनं कोण जातं? दिवस जात राहिले आणि तिला वाटायला लागलं, चित्र चुकीचं असेल. खरंच यंत्राची परीक्षा असेल.

करंजाड्याची सई नावाची एक मुलगी दुपारच्या पाळीला कामावर जायची. हसरी, बडबडी. ललिताला 'ताई' म्हणायची, कधी खिशातली चिक्की काढून द्यायची. तिच्या बोटांत काही नव्हतं, हे ललितानं आधीच पाहून ठेवलं होतं, आणि तिच्यापुरती ती निर्धास्त होती.

होळीच्या आदल्या दुपारी सई आली, ती हात पुढं नाचवतच.

"ताई, बघा!"

अंगठी बारीक होती, एका खड्याची.

"काल साखरपुडा झाला. घ्या, पेढा घ्या." तिनं डबी पुढे धरली आणि दुसऱ्या हातानं सॅक ओढून पट्ट्यावर ठेवली. "आज जड आहे हं. सासूबाई ऑफिसच्याच बाजूला राहतात ना, उद्या त्यांच्याकडे पोळ्या, त्यांचं यंत्र मोडलंय, म्हणून आईनं आमचं दिलंय. घाबरू नका, हत्यार नाही ते!"

ललितानं पेढा हातात घेतला होता. तिनं पट्टा सुरू केला नाही.

"सई," ती म्हणाली, "आज वर जाऊ नकोस."

"का?"

"रिक्षानं जा. नाहीतर घरी जा. ऐक माझं... उद्या जा."

सई आधी हसली. मग तिनं ललिताचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं. सॅकचं हँडल तिच्या हातातच होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. वर फलाटावर गाडी नव्हती, पावलांचा आवाज नव्हता.

आणि तिथून, वरून, एका बाईनं हाक मारली. मोठ्यानं नाही. ओळखीच्या माणसाला मारावी तशी, मायेनं.

"सई..."

ललितानं पेढा टाकून तिच्या तोंडावर हात ठेवायला झेप घेतली. पण ती पोचायच्या आत सईनं वर पाहिलं, आणि सवयीनं ओ दिली.